बादलीची वही

कारखान्यातल्या लोकांनी त्यांना ताळमेळराव हे नाव प्रेमाने ठेवलं की वैतागाने, याचा छडा त्यांना एकतीस वर्षांत लागला नाही. नाव मात्र चपखल बसलं होतं. बुटाचे तळ चिकटवायचं सोल्यूशन बनवणारा तो कारखाना, दीडशे माणसं, आणि त्या सगळ्यांच्या हिशोबाचे धनी हे. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं आणि टेबलामागे अंगणाकडे उघडणारी खिडकी. टेबलाला तीन खण. वरच्यात शिक्के, मधल्यात जेवणाचा डबा आणि खालच्याला कुलूप. त्या कुलपाआड काय दडवलंय यावर लोकांनी पैजा लावून झाल्या होत्या, पण कुणाचाच अंदाज खरा ठरला नव्हता.

आत एक वही होती. हिरव्या पुठ्ठ्याची, चारशे पानांची, जाडजूड. रोज एक ओळ, अशी बावीस वर्षं लिहिलेली. आणि वहीभर एकाच माणसाबद्दल लिहिलेलं होतं. तो माणूस म्हणजे ताळमेळरावांचा साडू.

आता साडू हा प्राणीच असा, की तो आपण निवडत नाही आणि तो आपल्याला सोडत नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा हे गृहस्थ चार नोकऱ्या सोडून पाचवी शोधत होते. बायकोने एके सकाळी विषय काढला. "अहो, धाकटीच्या यांना तुमच्या कारखान्यात चिकटवा की कुठेतरी."

ताळमेळरावांनी मालकांकडे शब्द टाकला. त्यांचा हिशोब साधा होता. साडूला गोदामात पोती मोजायला ठेवतील, तो आपल्या हाताखाली राहील आणि जन्मभर उपकारात राहील. मालक साडूशी पाच मिनिटं बोलले आणि त्यांनी अंगणातली मागची खोली त्याला देऊन टाकली. वर दोन शेगड्या, डझनभर पातेली आणि एक काम. पाण्यात सुटणार नाही असं सोल्यूशन करून दाखवायचं. किती दिवसांत, हे मालकांनी विचारलं नाही. साडूनेही सांगितलं नाही.

साडूची कामाची पद्धत अशी. सकाळी काहीतरी शिजवायचं, ते जुन्या बुटांच्या तळांना लावायचं, आणि वाळलं की तेच बूट पायात घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत सोडून स्टुलावर बसायचं. नुसते बूट पाण्यात ठेवून चालत नाही म्हणे. आत पाय हवा, तो हलायला हवा, तेव्हा तळ ओढला जातो आणि खरी परीक्षा होते. तर हा बसायचा. पाय हलवायचा, वर्तमानपत्र वाचायचा, मध्येच शीळ घालायचा. आणि स्टूल ठेवायचा कुठे, तर बरोबर ताळमेळरावांच्या खिडकीखाली.

ताळमेळराव वर घाम पुसत पैन् पै जुळवायचे आणि खाली साडू पगार घेऊन पाय भिजवायचा. हे कुणाच्याही डोळ्यांत सललं असतं. पाचव्या वर्षी मालकांनी साडूचा पगार वाढवून ताळमेळरावांच्या बरोबरीला आणला, आणि ते पत्रक ताळमेळरावांनाच टाइप करावं लागलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोटात दुखत होतं, आणि कशामुळे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. वही मात्र त्याआधीच, साडूच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाली होती. पहिली ओळ होती, "पाय बादलीत, साडेतीन तास. तळ सुटला. वर्तमानपत्र तीनदा वाचलं." कधी ना कधी मालक विचारतील की हा माणूस नेमकं करतो काय, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवायची. काय शिजवलं, त्यात काय घातलं, किती तास पाय बुडवले, तळ कसा सुटला, सगळं तारीखवार. सामानाच्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातून जात, त्यामुळे एक ग्रॅमसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

मालकांनी कधीच विचारलं नाही. उलट बाराव्या वर्षी एके दिवशी तळ सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही सुटला नाही. महिनाभर साडू बादलीत पाय आपटत राहिला आणि तळ हलेना. मग काय, डब्यावर पाण्यातल्या बुटाचं चित्र आलं, माल हातोहात खपू लागला, आणि मालकांनी सगळ्यांसमोर साडूच्या मनगटावर घड्याळ बांधलं. ताळमेळरावांनी टाळ्या वाजवल्या आणि वर जाऊन ते घड्याळ "किरकोळ खर्च" या सदरात टाकून दिलं.

घरीही सुटका नव्हती. सासूबाईंना कुणी विचारलं की जावई काय करतात, तर त्या म्हणायच्या, "धाकटे शोध लावतात."

"आणि थोरले?"

"थोरले बेरजा करतात."

हे असं चाललं असतं, पण मालक थकले आणि त्यांनी कारखाना परदेशातल्या एका कंपनीला विकला. कंपनीने निरोप धाडला की माणसं राहतील, यंत्रं राहतील, फक्त हिशोबाचं काम वर्षअखेर तिकडे जाईल. म्हणजे ताळमेळरावांची खुर्ची जाणार. निवृत्तीला दोन वर्षं असताना. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि पहिला विचार मनात आला तो हा, की साडूचं काय?

ते कळायला वेळ लागला नाही. हिशोब समजून घ्यायला तिकडून एक बाई आल्या. त्यांची आजी इकडची, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती, वाचायच्या मात्र अक्षरावर बोट ठेवून. त्यांनी ताळेबंद उघडला आणि विचारलं, "सोल्यूशनची कृती कुठे आहे?"

"मागच्या खोलीत," ताळमेळराव म्हणाले.

"तसं नाही. ताळेबंदात कुठे आहे?"

"ताळेबंदात कशी असेल? तिथे इमारत असते, यंत्रं असतात. डोक्यातून काढलेल्या गोष्टीवरचा खर्च आपण त्याच वर्षी नफ्यातून वजा करून उडवतो. तोच नियम आहे."

"आमच्याकडेही स्वतः वाढवलेलं नाव कुणी लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण कारखाना विकत घेतला की गोष्ट वेगळी. दिलेल्या किमतीत काय काय आलं ते एकेक सुटं करून लिहावं लागतं. हाताला लागतं ते आणि लागत नाही तेही. डब्यावरचं नाव वेगळं, कृती वेगळी, जुनी गिऱ्हाइकं वेगळी. आणि सगळं लिहून झाल्यावर जे उरतं, जे कशाचं आहे ते सांगता येत नाही, तो नावलौकिक."

"विकत घेतलेला नावलौकिक आम्हीही लिहितो. थोडा थोडा उडवून दहा वर्षांत संपवतो."

"आम्ही संपवत नाही. दर वर्षी बघतो, जीव आहे का. असला तर तसाच ठेवतो. नसला तर एका फटक्यात उडवतो."

ताळमेळरावांना गंमत वाटली. कारखाना एकच, डबे तेच, आणि सीमेच्या अलीकडे शून्य तर पलीकडे मालमत्ता. एकाच मुलीला माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं, तसला प्रकार. तासभर ते रंगून बोलत होते. एकतीस वर्षांत त्यांच्याशी हिशोबावर कुणी इतकं बोललंच नव्हतं. आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की पलीकडे मालमत्ता होणार ती कुणाची करणी. हसू तोंडातल्या तोंडात जिरलं.

"आणि माणसं?" त्यांनी विचारलं. "माणसं कुठे लिहिता?"

"माणसं लिहिता येत नाहीत. तुमच्याकडे नाही, आमच्याकडेही नाही. माणूस उद्या राजीनामा देऊन जाईल, तो आपल्या ताब्यात कुठे असतो? माणसं त्या उरलेल्यात. नावलौकिकात."

"म्हणजे उरलंसुरलं."

"तसं म्हणा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी अडचण सांगितली. कृती सुटी लिहायची तर तिची किंमत ठरवायला हवी. म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून शोधायची झाली तर किती वेळ, किती सामान, किती फसलेले प्रयोग. त्याला पुरावा हवा. आणि मागच्या खोलीत सगळं मिळून एक कागद होता, त्यावर शेवटची कृती. बाकी साडूने काही लिहून ठेवलं नव्हतं. "जे यादीत येतं त्याची वरची माणसं काळजी घेतात," बाई म्हणाल्या. "जे उरलेल्यात जातं त्याची कुणी चौकशी करत नाही. पुरावा नसेल तर ती खोली ठेवण्याचं कारण मला दाखवता येणार नाही. असल्या खोल्या आमच्याकडे तिकडे चार आहेत."

ताळमेळरावांचा पाय टेबलाखाली खालच्या खणाला लागला. त्यांनी तो मागे घेतला.

रविवारी बायको त्यांना धाकटीकडे घेऊन गेली. खोलीवर गदा येणार ही बातमी तिथे पोचली होती. धाकटी चहात साखर घालायला विसरली. साडू मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता आणि सासूबाई त्याच्या पायांना मलम लावत होत्या. ताळमेळरावांनी ते पाय इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. कातडी पांढरी पडलेली, बोटांच्या बेचक्यांत चिरा, दोन नखं कायमची गेलेली. बघवत नव्हतं. तरीही त्यांच्या मनात पहिलं आलं ते असं, की सासूबाईंनी आपल्या डोळ्यांत कधी दोन थेंब औषधसुद्धा घातलं नाही. तीस वर्षं आकडे बघून आपले डोळे गेले, ते कुणाला दिसत नाहीत.

परतताना बायको म्हणाली, "खोली गेली तर या वयात ते कुठे जातील हो?"

"मी काय करणार?"

"तुम्हीच तर लावलं होतं त्यांना."

"तेव्हा तू सांगितलं होतंस."

"मग आताही सांगते," बायको म्हणाली, आणि घर येईपर्यंत चार पावलं पुढेच चालली.

ताळमेळरावांनी दोन दिवस विचार केला. आपण तर जाणार. हा मात्र त्या खोलीत पाय भिजवत राहणार, तेही आपल्या वहीच्या जोरावर. का म्हणून? आपण कुणाचं वाईट करत नव्हतो, फक्त गप्प बसत होतो. आणि वही दाखवायची म्हणजे तिच्यातली भाषाही दाखवायची. ती भाषा चारचौघांत वाचण्यासारखी नव्हती. तेव्हा मूग गिळून बसावं, हे त्यांनी नक्की केलं.

बुधवारी बाईंनी साडूला वर बोलावलं. ताळमेळरावांच्या टेबलापाशी तीन खुर्च्या लावल्या. साडू नवा शर्ट घालून आला होता, मनगटावर ते घड्याळ.

"कृती शोधायला तुम्हाला किती वेळ लागला?" बाईंनी विचारलं.

आता साडूला कुणी समजावलेलं नव्हतं की या प्रश्नावर काय अवलंबून आहे. समोर परदेशी बाई, शोधाची चौकशी, गडी फुलला. बारा वर्षं तळ सुटत होता हे कोण कशाला सांगेल? "काही नाही हो," तो म्हणाला, "एका दुपारी जमलं. चार डबे समोर होते, सहज हात गेला, झालं."

"एक दुपार," बाईंनी लिहिलं. पेन खाली ठेवलं. "मग दुसऱ्यालाही एका दुपारीच जमेल. वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही."

साडूला ते कौतुक वाटलं असावं, कारण तो हसला. ताळमेळरावांनी आपल्या पेनाचं टोपण बसवलं. संपलं होतं. त्यांना काही करावं लागलं नव्हतं, बोट हलवावं लागलं नव्हतं, साडूने स्वतःच्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. फक्त आणखी पाच मिनिटं गप्प बसायचं होतं.

पण साडूला राहवलं नाही. त्याने खुर्चीत रेलून ताळमेळरावांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "अशा गोष्टी सुचाव्या लागतात, बाई. बसून खर्डेघाशी करून होत नाहीत."

ताळमेळरावांच्या कानशिलांतून वाफ निघाली म्हणा ना. "एका दुपारी?" ते उभे राहिले. "कोणत्या दुपारी? अकरा वर्षं आणि चार महिने लागले याला. चारशे बारा निरनिराळी मिश्रणं फसली. चारशे बारा. सुचलं म्हणतो!" घाईत किल्ली कुलपाला लागेना. शेवटी खण उघडला आणि त्यांनी ती हिरवी वही टेबलावर आपटली. "हा घ्या पुरावा. काही सुचलंबिचलं नाहीये याला."

बाईंनी वही उघडली आणि अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांना तसंच वाचता यायचं.

"राळ दोनशे ग्रॅम, रबर चारशे. चार तास बादलीत. डावा तळ सुटला. निर्लज्जासारखा हसला." पान उलटलं. "आज सहा तास. उजवा टिकला, डावा सुटला. पाय की पाणघोडा." साडूचं तोंड उघडं पडलं होतं. बाई मध्येच थांबून आकडे टिपून घेत आणि पुढे वाचत. "ताप दिसतोय. तरी बादली. कुणाला दाखवायला? तीन तास." ताळमेळराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. भिंत दुभंगली असती तर ते आत गेले असते.

"आज खोली बंद," बाईंनी वाचलं. "बादली रिकामी. करमलं नाही."

ही ओळ आपण लिहिली होती हे ताळमेळरावांना आठवेना. बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. धाकटीच्या बाळंतपणात साडू आठवडाभर आला नव्हता, तेव्हाची. पुढच्या सहा ओळींतही तेच दोन शब्द होते. करमलं नाही.

"साडूभाऊ," साडू म्हणाला, "हे सगळं तुम्ही बघत होता?"

ताळमेळराव खिडकीतून खालच्या स्टुलाकडे बघत राहिले.

"मला वाटायचं वर कुणी बघतच नाही. मी मान वर केली की तुम्ही आपले खाली मान घालून. मला काय राग यायचा तुमचा. पंख्याखाली बसलाय, खुर्ची आहे, पाय कोरडे." त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "बावीस वर्षं मला तुमच्या कोरड्या पायांचा हेवा वाटलाय."

ताळमेळरावांना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. एवढं आधी सांगितलं असतंस तर, असं त्यांच्या जिभेवर आलं, पण तर काय झालं असतं हे त्यांना सांगता आलं नसतं, म्हणून ते चष्मा पुसू लागले.

बाईंनी आठ दिवस वही घेऊन हिशोब केला. तास, सामान, फसलेले प्रयोग, सगळं जुळलं, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. इतकी नेकीची नोंद आपण तिकडच्या प्रयोगशाळांतही पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या. कृती यादीत गेली. नावाच्या खालोखाल, गिऱ्हाइकांच्या वर. खोली राहिली, साडू राहिला. धाकटी स्वतः येऊन ताळमेळरावांच्या पाया पडली आणि सासूबाईंनी निरोप पाठवला की थोरल्यांनी धाकट्यांना वाचवलं. कशाने वाचवलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

वही पुरावा म्हणून तिकडे जाणार होती. बाईंनी तिला कागदात गुंडाळलं, मोहोर लावली आणि पोचपावती पुढे केली. ताळमेळरावांनी चष्मा लावून वाचली. हस्तलिखित नोंदवही, एक. पाने चारशे. उपयोगी आयुष्य, कृतीइतकंच, पंधरा वर्षं.

"लिहिणाऱ्याचं नाव?" त्यांनी विचारलं.

"त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या. "लिहिणारा नावलौकिकात आला."

त्यांनी सही केली.

वर्षअखेरच्या आठवड्यात टेबल जवळजवळ रिकामं झालं होतं. मंगळवारी अकराच्या सुमारास खाली बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. नवं सोल्यूशन होतं, थंडीत न तडकणारं. साडू स्टुलावर बसला, पँट दुमडली, पाय आत सोडले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून त्याने हात हलवला. ताळमेळरावांनीही हलवला. मग सवयीने घड्याळ पाहिलं, पेन काढलं आणि खालचा खण ओढला.

खणात नुसती किल्ली होती. ती हातात घेऊन ते खिडकीशी उभे राहिले. खाली साडू शीळ घालत होता, पण आज त्याचं काही वाटेना. पोटात दुखत होतं ते दुसऱ्याच कशामुळे, आणि ते ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. त्या वहीला कंपनीने पंधरा वर्षं दिली होती. ताळमेळरावांना शुक्रवारपर्यंत.